गवत दिलं होतं, डोंगर नव्हता दिला

आज सकाळी आमच्या मॅनहॅटनसमोरच्या जर्सी सिटीतल्या एका मराठी ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला. इंडियन लोकांनी (आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ रहिवासी) अख्खं मॅनहॅटन डचांना २४ डॉलरला विकलं, मण्यांच्या माळा घेऊन, आणि खाली हसणाऱ्या इमोजींची ही रांग. एकाने लिहिलं, "आजचा रेट माहीत असता तर!" मला खरंच संताप आला. ग्रुपवर वाद घालत बसायचं नाही म्हणून इथे लिहितेय.

मुळात त्या विक्रीचं खरेदीखत कुठे सापडलेलंच नाही. आहे ते एक पत्र, नोव्हेंबर १६२६ चं, पीटर स्खाखेन नावाच्या डच अधिकाऱ्याने हॉलंडमधून वर कळवलेलं, त्यात ओझरतं येतं की बेट ६० गिल्डरच्या (डच नाण्यांच्या) मोबदल्यात घेतलं. मण्यांचं नाव नाही, विकणारा कोण त्याचा पत्ता नाही, २४ डॉलरचा हिशोब तर १९व्या शतकात मांडलेला.

माझ्या आजोबांनी गावी सड्याखालचं डोंगराचं अंग पलीकडच्या वाडीतल्या एकाला गवत कापायला दिलं होतं. तोंडी. तो दर शिमग्याला पायलीभर नाचणी आणून द्यायचा, आजी चहा टाकायची, झाला व्यवहार. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी चिऱ्याचा गडगा घातला आणि पीकपाहणीला आपलं नाव लावून घेतलं. आजोबा तो सातबारा हातात धरून सगळ्यांना एवढंच सांगायचे, "गवत दिलं होतं रे, डोंगर नव्हता दिला."

लेनापे लोकांचं, म्हणजे मॅनहॅटनच्या त्या मूळ रहिवाशांचं, याहून वेगळं काय झालं? जमीन वापरायची, मका लावायचा, मोसम बदलला की मासे धरायला किनाऱ्यावर यायचं, दुसऱ्याला राहू द्यायचं तर त्याने भेटवस्तू द्यायच्या, हा त्यांचा रिवाज. बेट कायमचं गेलं आणि आता इथे पाय ठेवायचा नाही असं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नसणार. आणि आपण, ज्यांच्या प्रत्येक घरात जमिनीची एक तरी केस पडलेली आहे, आपण त्यांना खुळे म्हणून हसायचं?

पुढचं तर अजून चीड आणणारं. १६५५ मध्ये इथला डच गव्हर्नर स्टायव्हसंटने डेलावेअर नदीवरची स्वीडनची वसाहत घेतली. १६६४ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने हा डचांचा मुलूख आपल्या भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला, परस्पर देऊन टाकला, तेव्हा तो त्याच्या ताब्यातही नव्हता! मग इंग्रजांची चार जहाजं आली, स्टायव्हसंटने शरणागतीच्या अटींचं पत्र फाडलं, पण गावातल्या ९३ जणांनी लढू नका म्हणून अर्ज केला, त्यात त्याच्या पोराचीही सही, आणि मॅनहॅटनवरच्या त्या डच गावाचं, न्यू अॅमस्टरडॅमचं, न्यूयॉर्क झालं. १६६७ ला ब्रेडाचा तह, इंग्रजांकडे न्यूयॉर्क राहिलं, डचांकडे सुरिनाम आणि जायफळाचं इवलंसं रन बेट. १६७३ ला डचांनी परत घेतलं, नाव न्यू ऑरेंज, १६७४ ला तहात परत इंग्रजांना. याच चार्ल्सला लग्नात मुंबई मिळाली होती आणि १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंडावर देऊन टाकली. तिथल्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना कोणी विचारलं? आपल्याला तर हे शाळेपासून माहितीये, मग इथलं वाचताना बुद्धी कुठे जाते?

मान्य, इंग्रजांच्या अटी सौम्य होत्या, डचांची घरंदारं, धर्म, वारसाहक्क सगळं शाबूत राहिलं, रक्त सांडलं नाही. पण ते गोऱ्यांचं गोऱ्यांशी. त्याच १६६४ च्या ऑगस्टमध्ये गिडियन नावाच्या जहाजातून सुमारे २९० आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून त्या बंदरात उतरवली होती, त्यांच्यासाठी झेंडा कुठला का असेना.

आणि रक्त आधी सांडलंच होतं, इथे, आमच्या जर्सी सिटीत. फेब्रुवारी १६४३. उत्तरेकडच्या हल्ल्यांतून पळालेली मूळ रहिवासी माणसं, बायकापोरांसकट, डच शेजारी आहेत म्हणून पावोनियात, म्हणजे आजच्या जर्सी सिटीच्या जागी असलेल्या डच वस्तीत, आसऱ्याला आली होती. तेव्हाचा डच गव्हर्नर कीफ्टने रात्री सैनिक पाठवले. पावोनियात ८० आणि नदीपलीकडे मॅनहॅटनवरच्या कॉर्लीयर्स हुकला ४० माणसं मारली, झोपेत. डेव्हिड डी व्हरीज हा डचच, त्याने कीफ्टला आधी विरोध केला होता, तो त्या रात्री किल्ल्यात स्वयंपाकघरातल्या विस्तवापाशी जागत बसला होता. मध्यरात्री किंकाळ्या ऐकून तटावर धावला तर पलीकडे बंदुकांचे जाळ दिसत होते. त्याने लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलंच नाही, ज्या किनाऱ्यावर आपण संध्याकाळी पोरांना घेऊन मॅनहॅटनचे दिवे बघायला जातो तीच ही जागा.

आपणही इथे बाहेरून आलोय, घरं घेतलीयेत, कबूल, मी कुणाला घर सोडून जा म्हणत नाहीये. पण आजोबांच्या मागे निदान आम्ही आहोत, तो डोंगर कुणाचा होता ते सांगणारे. लेनापे आज ओक्लाहोमात आहेत, विस्कॉन्सिनमध्ये आहेत, कॅनडात ओन्टारियोत आहेत, ढकलत ढकलत तिथवर नेलेले, आणि त्यांची माणसं आजही बोलतात, लिहितात. ते वाचायला काय हरकत आहे?

मुलीच्या शाळेत पुढच्या महिन्यात न्यू जर्सीच्या इतिहासाचं युनिट आहे. हँडआउटमध्ये डच आहेत, इंग्रज आहेत, पावोनिया नाही. मी टीचरना मेल लिहितेय, मुलांना झेपेल अशा भाषेत हे सांगता येईल का म्हणून. त्याच वर्गातल्या कुणा आईबाबांना सही करायची असेल तर रविवारपर्यंत इनबॉक्स करा, सोमवारी पाठवतेय.