दांडी मनी, मुंडकं तुमनं

माझ्या टेबलावर या क्षणी एका जुन्या गिलेट रेझरचं नुसतं डोकं पडलं आहे. दांडी नाही. दांडी चाळीसगाव तालुक्यातल्या कुठल्याशा मळ्यात एका पातेल्याच्या झाकणावर बसली आहे, आणि तिच्याखाली बहुधा शेवभाजी रटरटते आहे.

आठवडे बाजारात भंगारवाल्याच्या गोणपाटावर, नळाच्या तोट्या आणि सायकलच्या मुक्या घंट्यांमध्ये तो रेझर दिसला. उचलला, पिळून उघडला. टोपी, पट्टी, दांडी असे तीन तुकडे. पट्टीला त्रिकोणी फटी. म्हणजे ‘टेक’. गिलेटने हे मॉडेल १९३८ साली आणलं, आणि त्रिकोणी फटींचे नग सुरुवातीचे. वर हिरवट कळकट थर, पण आत पितळ ठणठणीत. जंक्शनचं गाव, कुणा रेल्वेच्या साहेबाचा असेल. साहेब गेला, दाढीचं सामान राहिलं. अशा वेळी चेहऱ्यावर आनंद दिसू द्यायचा नसतो. मी तोंड आंबट करून भाव विचारला. “वीस द्या,” भंगारवाला म्हणाला. मी खिशात हात घातला, तोच कानाशी आवाज आला.

“हाई काय शे भो?”

पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, एका हातात भरताच्या वांग्यांची पिशवी आणि दुसरा हात सदऱ्याच्या खिशात घट्ट मुठीत. आजूबाजूचे लोक त्यांना जिभाऊ म्हणत होते. खान्देशात तुम्ही रस्त्यात उभं राहून काहीही न्याहाळा, अर्ध्या मिनिटात एक जिभाऊ उगवतोच. चाळीसगावातच कलामहर्षी केकी मूस यांनी कितीतरी दशकं स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात कोंडून घेतलं होतं. लोक त्याची नाना कारणं सांगतात. माझं आपलं मत असं, की ते एकदा बाजारात काहीतरी निवांत बघायला गेले असावेत.

“दाढीचं मशीन आहे,” मी म्हणालो.

“येनामा सेल कोठे टाकतस?”

“सेल लागत नाही. ब्लेड लागतं.”

“ब्लेडघाई तं मना नातू पेन्सिल तासस,” असं म्हणून त्यांनी रेझर माझ्या हातातून काढून घेतला. विचारून नव्हे. तिथून तो शेजारच्या रसवंतीवाल्याकडे गेला. त्याने वास घेतला. का घेतला ते त्यालाच ठाऊक. मेथी विकणाऱ्या मावशींनी खोबरं किसता येईल का ते विचारलं. एका पोराने तो केसांतून फिरवून पाहिला. फिरत फिरत रेझर परत जिभाऊंकडे आला, माझ्याकडे नाही.

“तुमले दाढी करानी शे ना? मंग सलूनमा जा ना. इतला ताप काबर करतस?”

आता या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर तयार असतं, कारण तो मला घरीही विचारला जातो. मी सुरू झालो. म्हटलं, जिभाऊ, सलूनवालासुद्धा हेच दुधारी ब्लेड आणतो, मधून मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात घालतो. मी अख्खं वापरतो, एवढाच फरक. किंग कॅम्प गिलेट नावाच्या गृहस्थाने फेकून देता येईल असं पातळ पातं विकायला काढलं, तेव्हा पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, ५१ रेझर खपले आणि १६८ ब्लेडं. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. आणि गंमत बघा, कोपऱ्यावरच्या दुकानात आज मिळणारं ब्लेड या जुन्या रेझरमध्ये चपखल बसतं. मोटारीचं, रेडिओचं असं होतं का?

“५१ माणसं दाढी करेत फक्त?” जिभाऊंनी विचारलं. “बाकीना काय करेत?”

मग मला जोर चढला. खरं सांगायचं तर माझी तक्रार जिभाऊंबद्दल नव्हतीच. एका पात्याची दोन झाली, दोनाची तीन, मग पाच, आणि प्रत्येक पात्याबरोबर किंमत वाढत गेली. पाच पात्यांची ती प्लॅस्टिकची टोकं दुकानदार कुलपात ठेवतात, आणि मी साधी ब्लेडची पुडी मागितली की काउंटरवरचा पोरगा विचारतो, “काका, फरशी खरवडायला का?” टोपाझची पुडी चहा-भजीच्या पैशात येते आणि कैक दाढ्या निघतात. पण दोन बोटांच्या चिमटीत रेझर धरायचा, गालाशी साधारण तीस अंशांचा कोन ठेवायचा, जोर अजिबात द्यायचा नाही, वजन त्याचं त्यालाच करू द्यायचं, हे शिकायला सवड लागते. आधी केसांच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून आडवं. शेवटी तुरटी फिरवायची. तुरटी जिथे झोंबेल तिथे हात जड पडला होता. ती खोटं बोलत नाही.

आणि फेसाचं काय सांगावं! आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की साबणाची वडी घासघासून मनगट दुखतं आणि वाटीत नुसता दह्यासारखा चोथा उतरतो. म्हणून मी फिल्टरचं तांब्याभर पाणी घेतो. त्यावरून घरात जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मे महिन्यात तर एका गालावर रेझर फिरेपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळून पापड होतो. उन्हाळ्यातली लग्नं मी अर्ध्या दाढीने काढली आहेत असं आमची ही पाहुण्यांना सांगते. हे खोटं आहे. डाव्या हनुवटीखाली थोडी राहिली होती.

हे सगळं मी जिभाऊंना सांगितलं का? निम्मं सांगितलं. ते ऐकत होते असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ते दांडीकडे बघत होते.

“हाई दांडी सुट्टी व्हस का?”

“होते. तीन भाग आहेत त्याचे.”

तेव्हा कुठे त्यांनी खिशातली मूठ बाहेर काढली. रुमालाची गाठ सोडली. आत एक झाकण निघालं असतं तरी मला नवल वाटलं नसतं, पण निघाला एक बोल्ट. पातेल्याच्या झाकणाचा. त्यावरची काळी मूठ तडकून पडली होती आणि बोल्टाला जोड मिळावी म्हणून जिभाऊ अख्खा बाजार पालथा घालत होते. त्यांनी माझ्या देखत १९३८च्या घाटाच्या टेकची दांडी उघडली, बोल्टवर ठेवली आणि फिरवली. एक आटा, दोन आटे, तीन. बसली! घट्ट बसली. हाताने ओढून पाहिली, भंगारवाल्याला ओढायला दिली. मेथीवाल्या मावशींनी टाळी वाजवली.

“जिभाऊ, पितळ आहे,” मी अगदी कळवळून म्हणालो. “आचेवर तापेल. हात भाजेल.”

“माले काय? सयपाक ती करस.”

यावर बाजार हसला. मीही हसलो, मग मला ते हसू आवडलं नाही. त्या माऊलीला आधी नुसत्या बोल्टचे चटके होते, आता नक्षीदार दांडीचे बसणार, एवढाच काय तो फरक. पण तिथे हे बोलायला कुणी नव्हतं आणि मला तेव्हा तिची काळजी वाटत होती की रेझरची, हेही नक्की सांगता येत नाही.

दोन गिऱ्हाइकं एकाच वस्तूवर आल्याबरोबर भंगारवाला जागा झाला. वीसची वस्तू आता “जुना इंग्लंडचा माल” झाली, म्हणजे माझंच व्याख्यान त्याने मलाच विकायला काढलं. दीडशे म्हणाला. जिभाऊ शांतपणे म्हणाले, “मले नुसती दांडी जोयजे. मुंडकं तुमले ऱ्हाऊ द्या.” आणि त्यांचं लगेच पटलं. दांडी जिभाऊंना तीस रुपयांना, कारण ते गावचे, दर बाजारी येणारे. डोकं मला ऐंशीला, कारण मी “शौकीन”. मी म्हटलं, दांडीसकट वीसला देत होतास ना रे? तो म्हणाला, तेव्हा त्याचं काय करतात ते मला माहीत नव्हतं.

घेतलं. न घेऊन काय करतो? दुसऱ्या एखाद्या रेझरची दांडी त्याला बसेल. तीन तुकड्यांच्या रेझरांचे आटे बहुधा जुळतात. पण ती याची नसेल. हे बाजारात कुणाला सांगायचं!

निघालो, तर पाठीमागून जिभाऊ लगबगीने आले. वाटलं, पश्चात्ताप झाला असावा. त्यांनी दांडी बोल्टवर हलवून दाखवली. झाकणात बोल्ट जरासा खुळखुळतो म्हणे.

“भो, ती पट्टी देई द्या ना. मधमा भोक शे, वायसर व्हई जाई.”

ती पट्टी म्हणजे त्रिकोणी फटींची पट्टी. मी नाही म्हणालो. ते दहा म्हणाले, मग वीस. भंगारवाला लांबून ओरडला, “देई टाका ना भो, दांडी नही ते तुमना काय काममा येई?” रसवंतीवाल्याने मान डोलावली. मेथीवाल्या मावशींनी तर “गरिबाचं झाकण” असे शब्द वापरले. जिभाऊंचा मळा किती एकरांचा आहे हे त्यांना विचारायला हवं होतं. मी पट्टी मुठीत धरून चालू लागलो.

“दोन रुपयाना वायसरसाठे माणूस इतला चिक्कू!” जिभाऊ माझ्या पाठीवर सगळ्यांना सांगत होते. “आनि दाढी घरमा करस म्हने, पैसा वाचाडाले!”