टिकलीच्या डिंकाचा जाब कोणाला विचारायचा?

आज अमळनेरला एका हळदीला गेले होते. शेजारी बसलेल्या दोन बायकांचे बोलणे कानावर आले आणि तेव्हापासून डोके तापलेले आहे. नवरीला हळद लावायला उभ्या राहिलेल्या एका सुनेच्या कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, पांढरट डाग होता. "कोड दिसतंय, लग्नाआधी लपवलं असेल," असे एक म्हणाली आणि दुसरीने मान डोलावली. कार्य परक्यांचे, त्यामुळे तिथे गप्प बसावे लागले. इथली माणसे माझी आहेत, आणि बाईच्या कपाळावरून तिचे कूळ काढणे तुमच्यापैकी कोणालाही पटणार नाही, हे मी धरूनच चालते.

माझ्या धाकट्या मावशीला असाच डाग पडला होता. आधी खाज सुटली, मग टिकलीएवढा लाल चट्टा उठला, आणि त्या चट्ट्यावरच ती रोज नवी टिकली चिकटवत राहिली, कारण सवाष्णीने मोकळ्या कपाळाने दारात यायचे नाही, अशी त्या घरची शिस्त. हळूहळू तिथला रंगच उडाला. त्यानंतर शिरपूरकडच्या त्या गावात जे सुरू झाले ते लिहितानाही संताप येतो. जाऊबाईंनी तिचा पाण्याचा तांब्या वेगळा काढला, आणि मुलीची जुळत आलेली सोयरीक एका निरोपावर मोडली. शेवटी धुळ्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले की हे कोड नव्हे, टिकलीच्या डिंकाचा प्रताप आहे.

चिकट टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचे रसायन असू शकते. कोणाला त्याने नुसती खाज आणि पुरळ येते, तर कोणाच्या त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशीच ते मारून टाकते. आणि समजा ते खरोखर कोड असते, तरी काय आकाश कोसळले असते? कोड शिवल्याने पसरत नाही. तांब्या वेगळा काढायचे कारण तेव्हाही नव्हते.

मावशीला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "इतकी वर्षं लावतेस, मग आताच कशी बाधली?" प्रश्न शहाणपणाचा वाटतो, पण तो उलटा आहे. स्पर्शाची अॅलर्जी पहिल्याच दिवशी होत नाही. तो पदार्थ पुन्हा पुन्हा लागत गेला की एके दिवशी शरीर त्याला शत्रू ठरवते आणि मग सहसा जन्मभर विसरत नाही. शिवाय पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. त्यामुळे खरा गुन्हेगार सुटतो आणि आळ येतो आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भरितावर, नाहीतर "अंगातल्या उष्णतेवर".

टिकलीचा डिंक एकटाच गुन्हेगार नाही. नकली दागिन्यांत अनेकदा निकेल हा धातू असतो आणि आपल्याकडच्या घामाने तो आणखी सुटतो. मानेवर मंगळसूत्राच्या रेषेत, कानाच्या पाळीला, जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ चट्टे येतात ते त्यामुळे. युरोपने निकेलवर १९९४ मध्ये कायद्याने मर्यादा घातली. आपल्या बाजारात मात्र "एक ग्रॅम सोनं" म्हणून काय गळ्यात पडते ते कोणी विचारत नाही. गवंड्यांचे हात सिमेंटमधल्या क्रोमेटने फुटतात. कपाशी निंदणाऱ्या बायकांचे चेहरे गाजर गवताने सुजतात, आणि त्यांना सांगितले जाते की ऊन लागले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलींच्या हातावरची ती काळी कुळकुळीत मेंदी तर माझ्या डोक्यातच जाते. अस्सल मेंदी काळी रंगत नाही, ती केशरी-तांबडी रंगते. तासाभरात काळी व्हावी म्हणून तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन घालतात. हातावर फोड येऊन गेलेली तीच मुलगी पुढे चाळिशीत कलप लावते आणि डोळे उघडता येणार नाहीत इतके तोंड सुजवून दवाखान्यात जाते.

"पण आमचं नॅचरल आहे, ताई," असे दुकानदार सांगतो. बिब्बाही नैसर्गिकच आहे. तो उतला की काय होते, हे खान्देशात कोणाला सांगायला हवे? रोज लसूण सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची टोके सोलवटतात, तो लसूणही कारखान्यात तयार होत नाही.

आता एक मान्य करते. त्याच पाकिटातल्या टिकल्या हजारो बायका लावतात आणि त्यांना काहीही होत नाही, त्यामुळे दुकानदाराला खोटारडा म्हणता येणार नाही. टिकली लावूच नका, असेही माझे म्हणणे नाही. माझी स्वतःची मरून टिकली आरशाच्या कडेला चिकटवलेली आहे. आत्ता उठून तिचे पाकीट उलटून पाहिले: किंमत आहे, मखमली असल्याचे कौतुक आहे, डिंकाबद्दल अक्षर नाही. शाम्पूच्या बाटलीवर निदान बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. जी वस्तू दिवसभर कपाळाला चिकटून राहते तिच्यावर तेवढेही नको? मावशीच्या हाती अशी ओळ पडली असती, तर किमान डॉक्टरांकडे जायला इतकी वर्षे लागली नसती.

बिचारी स्वभावाने इतकी गरीब की जाऊबाईंना आजही घालून पाडून बोलत नाही. कपाळावर ती आता ओल्या कुंकवाचा ठिपका लावते, तोही त्या जागेच्या जरा वर, आणि डाग कडेने भरत आला आहे. सगळ्यांचा असा भरत नाही. रंगवलेले कुंकूही काहींना बाधते, त्यामुळे मनाने बदल करण्याआधी विचारून घ्या.

ज्यांना असा चट्टा वारंवार उठतो, त्यांनी घरगुती लेप थापण्यापेक्षा पॅच टेस्ट करून घ्यावी. संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवतात, मग काढून पाहतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. मधल्या काळात पाठ भिजवायची नसते. मे महिन्यात जळगाव-धुळ्याच्या घामात त्या पट्ट्या टिकणे अवघड, म्हणून घाई नसेल तर थंडीतली वेळ मागून घ्या. जाताना टिकलीचे पाकीट, कलपाचा खोका आणि ते नकली मंगळसूत्र पिशवीत घालून न्या, कारण डॉक्टर आधी तेच मागतात.