लांब पळायच्या दिवशी पोट मारू नका

एका लेखात वाचलं, मॅरेथॉनची तयारी करताना वजन उतरवायचं तर भात-पोळी बंदच करा. कळकळीने सांगते, असं करू नका. मी इंदूरची, हेच करून बसले होते. पिपलियापाला तलावाकडे १६ व्या किलोमीटरला पाय शिशासारखे जड झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. बरोबरच्या काकूंनी गुळाचा खडा तोंडात घातला, तेव्हा कुठे सावरले. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपत आलं की पाय असेच दगा देतात. दीड-दोन तास पळायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायलाच हवीत. कात्री लावायची ती विश्रांतीच्या दिवशी, आणि तीही बेताने.

वजन न उतरण्याचं खरं कारण दुसरंच असतं. साठ किलोच्या माणसाचे १० किलोमीटरमध्ये जेमतेम ६०० कॅलरी जळतात. पळून झाल्यावर आमच्याकडे सगळे पोहे-जिलबीच्या ठेल्यावर जमतात. वरून मूठभर शेव, दुसरी प्लेट, की हिशेब बरोबरीत! मी पोहे एकच प्लेट खाते, जिलबी सोडली, घरी येऊन उसळ आणि दही. सहा महिन्यांत चार किलो उतरले, वेगही टिकला.

आणि बायकांनो, कमी खाऊन पाळी चुकायला लागली तर ते अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.