गार्डनर खाली वाकला तो क्षण

अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरच्या एका लेखात लिहिलंय की समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून टीमचा खेळ चालवणारा मेन प्लेअर) जखमी होऊन पडला की फॅन्सना मनातून बरंच वाटतं, अर्धं खरं आहे ते. मी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमचा फॅन, मिशिगन युनिव्हर्सिटीशी आमचं वैर म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. पण २०१४ च्या मॅचमध्ये चौथ्या क्वार्टरला आमच्या जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला, आणि मिशिगनचा क्वार्टरबॅक डेव्हिन गार्डनर स्वतः मैदानात येऊन त्याच्याजवळ वाकला, त्याला धीर दिला, तेव्हा आमच्याकडे सगळे गप्प झाले, मला तर रडूच आलं. तसंच २०१२ ला साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरचा गुडघा गेला तेव्हा समोरच्या टेनेसी टीमची पोरं पण मैदानात आली होती. लॅटिमोरला नंतर एनएफएलच्या (इथली व्यावसायिक फुटबॉल लीग) एका टीमने ड्राफ्ट केलं, म्हणजे निवडून घेतलं, पण तिथे एकही मॅच खेळता आली नाही हो, आणि तेव्हा कॉलेजवाल्यांना पगार पण नसायचा, फक्त स्कॉलरशिप. वीस-एकवीस वर्षांची मुलं ही. समोरचा हरावा असं मलाही वाटतं, अगदी दणकून हरावा, पण त्यांचा मेन प्लेअर खेळत असताना. स्ट्रेचर आल्यावर जे टाळ्या पिटतात त्यांच्या शेजारी मी बसत नाही, एकदा उठून दुसरीकडे गेलोय.