चुंबक चिकटला म्हणून चाकू नकली ठरत नाही

लग्नसराई आली अन् गावच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागला: ‘आंदणात चाकूचा सेट देताय? आधी चुंबक लावा. चिकटला तर ते स्टेनलेस नाही, लोखंड गळ्यात मारलं समजा.’

हे चूक आहे. स्वयंपाकाचे चांगले गंज, डबे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेलमुळे चुंबक धरत नाही, पण हे स्टील पाणी देऊन कडक करता येत नाही. धार लगेच बोथट होते. म्हणून पात्याला ४२० सारखं स्टील वापरतात. क्रोमियम १२ ते १४ टक्के, तेही स्टेनलेसच, आणि चुंबकाला चिकटणारं! शंका घ्यायचीच तर न चिकटणाऱ्या स्टीलच्या चाकूवर घ्या.

त्यापेक्षा मूठ पाहा. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं, रिव्हेटनं जखडलेलं हवं. बारा नगांची पेटी नकोच. कोहळं फोडायला मोठा, कांदा-सांभाराला मधला, सोलायला लहान. उरलेल्या पैशात धारेचा दगड द्या.

पावशीवर हात बसलेल्या बाईला मात्र आधी विचारा. आमच्या घरी असाच एक सेट चार वर्षांपासून फडताळात पडून आहे.