प्री-अप्रूव्ह्ड म्हणे!

जेवायला बसलं की फोन हमखास. "सर, प्री-अप्रूव्ह्ड क्रेडिट कार्ड आहे, लाइफटाइम फ्री!" पॅन द्या, ओटीपी द्या, मग मेसेज येतो: 'अंतर्गत धोरणानुसार अर्ज नामंजूर.' नकाराचं नेमकं कारण लेखी द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय. पण कोथरूडच्या शाखेत विचारलं, तर साहेब मान वर न करता म्हणतात, "सिस्टिम घेत नाहीये." (सिस्टिमला चहा पाजू का?)

कोविडमध्ये नोकरी गेली तेव्हा जुनं कार्ड बँकेच्याच म्हणण्यानुसार तडजोडीने मिटवलं. सिबिल रिपोर्टात, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, 'सेटल्ड'चा (पूर्ण न फेडल्याचा) शिक्का अजून तस्साच. वर प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. नकार त्यांचा, स्कोअर घसरणार माझा! आता म्हणतात एफडीवर कार्ड घ्या. म्हणजे माझेच पैसे अडकवून मलाच उधारी, आणि वार्षिक फी वेगळी.