दोन मागे, दोन पुढे

यंदा अंतर्गत मूल्यमापनासाठी आमच्या विभागाने फर्मान काढलं: असाइनमेंट हस्ताक्षरातच हवी. चॅटजीपीटीवरून उतरवायचीच असेल तर निदान हात तरी दुखावेत, एवढाच उदात्त हेतू. हात दुखले असावेत. फुलस्केपचा गठ्ठा आला, मी वरचीच असाइनमेंट उघडली, तर 'भुजंगप्रयात वृत्ताची लक्षणे' या शीर्षकाच्या मागे दोन आणि पुढे दोन चांदण्या. निळ्या पेनाने, सावकाश, एकेक पाकळी काढून. यंत्राची ती अक्षरं ठळक करायची खूण. पोराने नक्षी समजून उतरवली होती.

खाली उदाहरणाची ओळ होती. बोटांवर मोजली. भुजंगप्रयातात तीन-तीन अक्षरांचे चार य गण, म्हणजे १२ अक्षरं. इथे १४ भरली, पुढच्या ओळीत ११. यंत्राला जगातलं सगळं येतं म्हणे, पण लघु-गुरू मोजता येत नाहीत. (मोजता येणारी माणसंही विभागात फारशी उरलेली नाहीत, तो भाग वेगळा.)

एम.ए.च्या प्रकल्पांची तऱ्हा आणखी निराळी. ते वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातात. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ. यंत्र दर वेळी ताजं रांधून वाढतं, त्यामुळे त्याच्याकडून लिहून घेणारे सगळे अलगद सुटले. अडकला तो एकच सज्जन, ज्याने खरोखर ग्रंथालयात बसून पुस्तकातून उतरवलं होतं. यंत्राचं लेखन ओळखणारं यंत्र खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३मध्ये काढलं होतं. त्याला यंत्राचे जेमतेम २६ टक्के मजकूर ओळखता आले, आणि जुलैत ते बंद झालं. आमच्याकडे २६ टक्क्यांना सरळ नापास म्हणतात.

प्राध्यापकही काही मागे नाहीत. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या निकषांचे कागद हल्ली यंत्रच रंगवतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. जे कुणी वाचणार नाही ते माणसाने का लिहावं? वृक्षारोपणात आम्ही चार रोपं लावली, त्यातली तीन शेळीने खाल्ली. अहवालात आलं, 'परिसरातील जैवविविधतेशी महाविद्यालयाचे नाते दृढ झाले.' शेळीच्या बाजूने पाहिलं तर खोटं नाही.

शेवटी असाइनमेंटवर तोंडी घ्यायचं ठरलं. चांदण्यावाल्याला विचारलं, "काय रे, ह्या कशाला?"

"सर, ऑफिशियल लिखाणात काढतात ना."

"कुणी सांगितलं तुला?"

"नोटीस बोर्डावर आहे की. प्राचार्य सरांच्या सहीची."

तोंडी थांबवून खाली जाऊन पाहिलं. 'असाइनमेंटसाठी एआयचा वापर आढळल्यास कडक कारवाई करण्यात येईल.' मागे दोन, पुढे दोन. खाली सही आणि गोल शिक्का.

पोराला दहापैकी आठ दिले. दोन वृत्ताचे, सहा निरीक्षणाचे.